आधी नळीतून आरपार बघ

तो डबा आधी तिथून उचल. देव्हाऱ्याशेजारी काडतुसं ठेवायची अक्कल तुला कुणी दिली? खाली ठेव, जमिनीवर. आणि तू रे बाळा, इकडं माझ्याजवळ ये. मामा बोलणी खाताना बघून तुला अवघडल्यासारखं होईल, पण बस. यातलं निम्मं तुझ्यासाठी आहे.

हं, काय होता तुझा प्रश्न? पुन्हा म्हण. ‘सर, चार नंबर घालू का एल.जी.? आणि डुकराला नेमकी कुठं मारली म्हंजे जाग्यावर बसंल?’ वा! दहावीला भूमितीच्या पेपरात तू पक्ष लिहायचास, साध्य लिहायचास आणि मधली सगळी सिद्धता गाळून खाली ‘हेच सिद्ध करायचे होते’ असं ठोकून द्यायचास. मी लाल शाईनं भोपळा द्यायचो. एवढी वर्षं गेली, डोक्यावरचे केस गेले, खोड तीच. मधलं सगळं आज वदवून घेणार आहे. सांग, बंदूक कुणाची?

‘आमचीच.’ आमची म्हणजे कुणाची? अण्णांची. एकनळी, बारा बोअर, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली. अण्णा जाऊन चार वर्षं झाली. परवाना त्यांच्या नावावर होता, आणि बंदुकीचा परवाना म्हणजे बांधावरची विहीर नव्हे, की बाप गेला आणि उताऱ्यावर पोराचं नाव चढलं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात २१ वं कलम आहे. परवानाधारक गेला, परवान्याची मुदत संपली, कारण काहीही असो, हत्यार बाळगणं बेकायदा झालं की ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात नाहीतर परवाना असलेल्या विक्रेत्याकडं जमा करायचं. मग वारसानं स्वतःच्या नावानं अर्ज करायचा. वारसाला परवाना मागता येतो, २०१६ च्या शस्त्र नियमांत तशी सोय आहे. तू काय केलंस? गोधडीत गुंडाळून माळ्यावर टाकलीस. विनापरवाना बंदूक बाळगली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं आत, जास्तीत जास्त पाच. मका डुकरांनी खायचा आणि मालकानं बिनभाड्याच्या खोलीत जायचं, असा तुझा हिशेब दिसतो.

अण्णांना मी ओळखत होतो. निवडणूक लागली की हा माणूस सायकलीला बंदूक बांधून स्वतः ठाण्यात जायचा, जमा करायचा आणि पावती घडी घालून खिशात ठेवायचा. निकाल लागून आदेश उठेपर्यंत ती पावती कुणी विचारली नाही तरी दाखवायचा. त्यांच्या पोटी तू.

आता दुसरं. वय काय रे तुझं, बाळा? तेरा. ऐकलंस? कायद्यानं एकवीस पुरी झाल्याशिवाय बंदूक घेता येत नाही, जवळ ठेवता येत नाही, खांद्यावर टाकून हिंडताही येत नाही. सवलत आहे ती नेमबाजीच्या सरावापुरती, ठरलेल्या अटींवर. उसाच्या फडाला रेंज म्हणत नाहीत. ‘सर, तो फक्त बॅटरी धरणार होता.’ अरे, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नाही. हाकणं, फास लावणं, आमिष टाकणं, आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं, हे सगळं शिकार आहे. बॅटरी धरणाऱ्याला पंचनाम्यात वेगळा रकाना नसतो. तुझ्या बहिणीला हे माहीत आहे का? ती बिचारी तिकडं चिखलीत समजून बसलीय की पोरगं दिवाळीच्या सुट्टीत मामाकडं ऊस खातंय. आणि मामा त्याला आरोपी क्रमांक दोन करायला निघालाय.

मध्ये बोलू नकोस. ‘रानडुक्कर मारायला परवानगी हाये’ हे अर्धवट वाक्य मी पारावर ऐकलेलं आहे. पुरतं ऐक. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे, म्हणजे संरक्षित. त्याच कायद्याचं ११ वं कलम असं सांगतं, की दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी माणसाला किंवा मालमत्तेला, आणि त्यात उभं पीकही आलं, धोकादायक झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेशानं, कारण नमूद करून, मारायची परवानगी देऊ शकतो. लेखी. आदेशानं. कारण नमूद करून. तिन्ही शब्द वहीत अधोरेखित कर. तोंडी परवानगी, सरपंचाची परवानगी, ‘गार्ड आपल्या ओळखीचा हाये’ ही परवानगी, यातली एकही कोर्टात उभी राहत नाही. परवानगीनं मारलेलं डुक्करसुद्धा सरकारजमा असतं. मटणाचे वाटे घालून पाहुण्यांना बोलावलंस की तो पुढचा गुन्हा. बंदूक जप्त, मोटारसायकलही जप्त, हप्ते मात्र तुझे चालू. आणि डुक्कर हाकता हाकता वर डोंगराकडं अभयारण्याच्या हद्दीत शिरलास, तर मग विचारूच नकोस. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ पासून आहे, ३६१ चौरस किलोमीटर. आत शिकार केली तर शिक्षा तीन वर्षांच्या खाली येतच नाही, वर सातपर्यंत जाते. अंधारात हद्दीचा दगड तुला दिसणार आहे का?

नुकसान झालंय, मला मान्य आहे. आंधळा नाही मी. काल सकाळी तुझ्या बांधावरून गेलो तेव्हा पाहिलं. मका तुडवून आडवा केलाय, कणसं अर्धी चघळून टाकलीत, भुईमूग तर नांगरल्यासारखा उकरलाय. एका रात्रीत वीस गुंठे. बी, खत, औषध, पाणी सगळं घालून बसलेल्या माणसाच्या पोटात आग पडणार. पण पोटातली आग डोक्यात गेली की माणूस काय काय करतो, ते या पट्ट्यात मी बघत आलोय. कुणी कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडतो आणि सकाळी स्वतःच किंवा शेजारी तिला चिकटतो. कुणी क्लच वायरचा फास लावतो डुकरासाठी आणि त्यात लटकतो बिबट्या. कुणी कणकेत गावठी बॉम्ब घालून ठेवतो आणि त्यावर गाईचा जबडा फुटतो. तुझी बंदूक याच माळेतला पुढचा मणी.

बरं, उघड डबा. तुझ्या प्रश्नाला हात घालू या. बाळा, तू लांबूनच बघ.

हे बघ काडतूस. कागदी नळकांडं, खाली पितळी टोपी, वर पुठ्ठ्याची चकती आणि चकतीवर छऱ्याचा आकडा. आकडा पुसट झालाय. पितळेवर हिरवं चढलंय. आणि हा कागद बघ, इथं फुगलाय, नखानं दाबला की दबतोय. किती वर्षांचं आहे? माहीत नाही. कुठं होतं? माळ्यावर, कौलाखाली, उन्हाळ्यात तापलं, पावसाळ्यात दमट झालं, असे किती पावसाळे. एनसीसीच्या रेंजवर पॉइंट टू टूची एकेक गोळी मोजून द्यायचो आणि एकेक खोका मोजून परत घ्यायचो मी, तू होतास तिथं. असलं काडतूस मी कचऱ्यातसुद्धा टाकू दिलं नसतं.

सांग, चाप ओढलास, टक् आवाज झाला आणि बार उडाला नाही. पुढं काय करशील? ...हेच. मला हेच उत्तर अपेक्षित होतं. बंदूक मोडून आत बघशील. दमट दारू कधी कधी लगेच पेटत नाही, दबा धरून मग पेटते. तू बंदूक उघडायला आणि ती पेटायला एकच गाठ पडली, तर पितळी टोपी तुझ्या तोंडावर आणि मागं बॅटरी धरून भाचा. म्हणून बार चुकला की नळी सुरक्षित दिशेला धरून हलायचंसुद्धा नाही, निदान अर्धं-एक मिनिट. अर्धं मिनिट, आणि तेही डुक्कर समोर असताना! कधी दहावीत अर्धं मिनिट गप्प बसलास?

दुसरा प्रकार याहून वाईट. दारू निम्मी-अर्धी पेटते, ‘फुस्स’ असा आवाज येतो, छरे जेमतेम बाहेर पडतात आणि मधला बूच नळीतच अडकतो. तुला वाटतं, काडतूस गेलं वाया. दुसरं भरतोस. आता नळी बंद आहे, मागून पूर्ण जोराचा बार येतोय. नळी फुटते, आणि फुटते तिथं नेमका तुझा डावा हात असतो.

चार वर्षांत त्या नळीतून एकदा तरी उजेड बघितलास का? बंदूक रिकामी करून, मोडून, मागून डोळा लावून? नाही ना. कुंभारमाशी ठाऊक आहे ना, मातीचं घर करणारी? नुसत्या कुलपाच्या भोकात घर करते ती. बोटभर रुंदीची, अंधारी, कोरडी नळी तिला आयतीच. आत गंज किती आहे, तो वेगळाच विषय. तुझ्या बंदुकीच्या पोटात काय आहे हे तुला माहीत नाही आणि तू मला डुकराच्या पोटात काय आहे ते विचारतोयस.

तर मग चार नंबर का एल.जी.? ‘चार नंबरात छरे जास्त असत्यात, एखादा तरी लागंलच.’ हे वाक्य कुणी शिकवलं? चार नंबरचा छरा जेमतेम तीन मिलिमीटरचा. तो तित्तर-सशाच्या कामाचा. डुकराच्या कातडीत तो रुततो, आत जात नाही. जनावर मरत नाही, नुसतं चवताळतं. मग पंधरा दिवस जखमा पिकून, अळ्या पडून कुठंतरी झुडपात मरतं आणि वास सुटल्यावर तुला कळतं. एल.जी., एस.जी. मोठे, साडेआठ-नऊ मिलिमीटरचे, काडतुसात सहा ते नऊ दाणे. ते जवळून काम करतात. जवळून म्हणजे पंचवीस-तीस मीटर, वर्गाच्या चार खोल्यांएवढं. त्यापलीकडं ते फाकतात. दोन डुकराला लागतात, तेही भलतीकडं, आणि बाकीचे पुढं जातात. पुढं कुठं जातात, ते थांब, सांगतो.

जुन्या बऱ्याच एकनळी बंदुकांचं तोंड थोडं आवळलेलं असतं, त्यातून एकच मोठी गोळी घालायची तर ती त्या नळीसाठी आहे का हे जाणकाराला दाखवून घ्यावं लागतं. तू बाजारात ‘गोळी द्या’ म्हणालास असतास. अर्थात परवान्याशिवाय देणारा दुकानदार दुकानदार नव्हेच.

आता नेम. इकडं ये, या पाटीवर डुक्कर काढ. काढ, चित्रकलेला बरा होतास. हं. हृदय कुठं असतं त्याचं? ...चूक. तू बैलाचं काढलंस. डुकराचं काळीज तुला वाटतं त्यापेक्षा बरंच खाली आणि बरंच पुढं असतं, पुढच्या पायाच्या कोपराच्या किंचित वर, पायांच्या आडच म्हण ना. फुप्फुसंही पुढंच. मानेवर जे केस उभे राहतात, खांद्यावर जो उंचवटा दिसतो, त्यामुळं डोळा फसतो. माणूस अंगाच्या मध्यावर, खांद्याच्या मागं नेम धरतो आणि गोळी जाते कोठ्यात. कोठ्यात लागलेलं डुक्कर पडत नाही. रक्तही फारसं सांडत नाही. ते उसात शिरतं आणि तासन्‌तास जगतं. नर म्हातारा असेल तर खांद्यावर कातडी आणि कुर्चा मिळून बोटभर जाड ढालच असते, एकमेकांशी झुंजताना सुळे अडवायला. डोक्यात मारीन म्हणशील, तर मेंदू मुठीएवढा, कवटी उतरती, आणि डुक्कर मान खाली घालून सारखं हलत खातं. आडवं, थांबलेलं, पंचवीस मीटरच्या आत, मागं मातीचा उंच बांध, भरपूर उजेड, या पाचांतलं एक नसलं तरी जाणता शिकारी बंदूक खाली करतो. तुझ्याकडं यातलं एकही नाही. तुझ्याकडं आहे बॅटरीच्या झोतात चमकणारे दोन डोळे.

आता ते उरलेले दाणे पुढं कुठं जातात, ते. बाळा, हे तूही ऐक, कारण याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही, आपल्याच शिवारात आहे.

आपल्याकडं शेतीची लाईट आठवड्याआड रात्री असते. म्हणजे रात्री अकरा, बारा, दोन वाजता शिवारात माणूस असतो. दारं धरायला. उसाच्या सरीत वाकून, हातात खोरं, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, अंगावर काळी घोंगडी नाहीतर काळं स्वेटर. बॅटरी असते, पण सारखी लावत नाही, सेल जपतो. पाला सळसळतो. काहीतरी काळं, बुटकं, वाकलेलं हलतं. सांग, ते काय आहे? तुझ्या शेजारच्या गटातला तुझा चुलता आहे तो. आणि आता गळीत हंगाम तोंडावर आलाय. ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतील, पाथर्डीकडून, बीडकडून. फडाच्या कडेला कोप्या पडतील. कोपीची भिंत म्हणजे काय, तर बांबू आणि पाचट, वर प्लास्टिकचा कागद. आत चार पोरं झोपलेली. तुझ्या एल.जी.चा दाणा चारपाचशे मीटरवरही माणसाला इजा करू शकतो. पाचट त्याला अडवणार नाही. आणि तू म्हणशील मी खाली मारीन, तर आपल्याकडं चार बोटं माती आणि खाली कातळ. कातळावर आपटलेला छरा कुठं उसळेल ते तो मारणाऱ्यालाही विचारत नाही.

रेंजवर टार्गेटच्या मागं मातीचा तो एवढा थोरला बट का बांधलेला असायचा, लाल झेंडा का वर चढायचा, एक पोरगं खाली वाकून उठेपर्यंत सगळ्यांना मी का रोखून धरायचो? पॉइंट टू टूची ती शेंगदाण्याएवढी गोळी किलोमीटरभराच्या पुढं जाते म्हणून. तुला ते सगळं कवायतीचं नाटक वाटत होतं बहुतेक.

पेपर वाचतोस का? २०२५ च्या जानेवारीअखेरची गोष्ट, पालघर जिल्ह्यात मनोरजवळ बोरशेतीचं जंगल. गावचीच माणसं, रानडुकराच्या शिकारीला गेलेली. अंधार, हालचाल, आणि सोबतच्याच माणसाला डुक्कर समजून गोळी घातली. माणूस गेला. त्यापुढचं जास्त वाईट आहे: घाबरून प्रेत जंगलात लपवलं. पोलिसांनी शोधून काढलं, मग अटका. ही अट्टल गुन्हेगारांची टोळी नव्हती रे. तुझ्यासारखीच, रानात जन्म गेलेली माणसं. त्यांनाही वाटलं असेल की आपल्याला रानाची खडान्‌खडा माहिती आहे.

आणि समजा लागली. जखमी झालं आणि उसात गेलं. आता? ‘मागं जाऊ.’ कोण जाणार? तू, एका नळीत एक काडतूस, आणि मागं तेरा वर्षांचं पोरगं. शंभर किलोचा नर उसाच्या सरीतून येतो तेव्हा चार हातांवर आल्याशिवाय दिसत नाही. तो चावायला येत नाही, खालून वर सुळा मारतो. मोठ्या माणसाच्या मांडीत लागतो. पोराच्या कुठं लागेल ते त्याला इथं उभं करून मोजून बघ. वरून हा बिबट्यांचा मुलूख. अकोले, संगमनेर, राहाता, कुठल्याही उसाला विचार. रक्ताच्या वासावर तुझ्याआधी तो पोचलेला असेल, आणि ताटावरून उठवलेलं त्यालाही आवडत नाही. सोडून घरी आलास तर सकाळी गवत कापायला त्या फडात बाया जातात, त्यांच्या पुढ्यात हे चवताळलेलं धूड. सांगणार आहेस त्यांना, की रात्री आम्ही असा असा पराक्रम केलाय?

काय म्हणालास? मोठ्यानं म्हण. ‘कॉर्बेटसायबानं आठव्या वर्षी बंदूक हातात घेतली होती.’ मीच वाचायला दिलं होतं ना पुस्तक? मग पुरतं वाचायचं होतंस. ती ठासणीची दुनळी होती आणि तिची एक नळी फुटलेली होती, हे लक्षात राहिलं नाही. तो काळ वन्यजीव कायद्याच्या आधीचा, जंगलाच्या भरभराटीचा, हेही सोडून दिलंस. आणि पुढं हाच माणूस हौसेची शिकार सोडून वाघांमागं कॅमेरा घेऊन फिरला, ते पान तर उलटलंच नाहीस. सोयीचं तेवढं वाचणारा विद्यार्थी मला नापास विद्यार्थ्यापेक्षा जास्त चीड आणतो.

तुझे आजोबा नगरच्या छावणीतल्या साहेबांची गोष्ट सांगायचे, घोड्यावर बसून भाल्यानं डुकरं मारणाऱ्यांची. त्या साहेबी खेळावर बेडन-पॉवेलनं १८८९ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. तोच बेडन-पॉवेल, स्काऊटवाला. पण पोरांसाठी लिहायची वेळ आली १९०८ मध्ये, तेव्हा त्यानं त्यांना माग काढायला शिकवलं, आणि स्काऊट हा प्राण्यांचा मित्र असतो, असा नियम घातला. भाला पोराच्या हातात द्यायचा नसतो एवढं त्या गोऱ्या शिकाऱ्यालाही कळलं.

शिकवायचंच आहे ना भाच्याला काही? मग उद्या उजाडल्यावर घेऊन जा. ओढ्याच्या काठानं. पुढचे दोन खूर आणि मागं बाहेरच्या बाजूला दोन नखांचे टोचे, असा ठसा दिसला की तो डुकराचा. शेळीच्या ठशाला ते मागचे टोचे चिखलातही क्वचित उमटतात. मोठ्या ठशाभोवती बारके ठसे असले तर मादी आहे आणि मागं पट्टेरी पिल्लं. चिखलात लोळल्याची जागा दाखव त्याला. तिथून दहा-वीस पावलांवर एखाद्या बाभळीला अंग घासलेलं असेल, खोडावर वाळलेला चिखल आणि राठ केस. तो चिखल किती उंचीपर्यंत लागलाय ते पोराला टेपानं मोजू दे. जनावर केवढं होतं, कुठून आलं, कुठल्या बांधाच्या फटीतून तुझ्या मक्यात शिरलं, हे सगळं तो तुला लिहून देईल. मग ती फट बुजव. सौर कुंपणाला जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळतं, ते झटका देतं, जीव घेत नाही. तुला ते माहीत होतं, पण कागदपत्रं गोळा करायचा कंटाळा. बंदुकीला कागदपत्रं लागत नाहीत असं वाटलं म्हणून ती आवडली.

आणि नेमाची आवड असेल तुला बाळा, तर त्यात वाईट काही नाही, मान खाली घालू नकोस. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे क्रीडा प्रबोधिनीत गेला, तिथं नेमबाजीकडं वळला आणि २०२४ ला पॅरिसहून ऑलिंपिकचं कांस्यपदक घेऊन आला. पन्नास मीटर, तीन पोझिशन. अंजली भागवत एनसीसीतून या खेळात आली. तुमच्या पुण्याकडं रेंज आहेत. आईला सांग, मी बोलतो तिच्याशी. फोनवर आजची सगळी हकिकतही सांगणार आहे, मामाला चेहरा पाडायचा असेल तर पाडू दे.

आता तू. डबा इथं ठेवून जायचा विचार करू नकोस, मला या वयात आत टाकतोस का? मी चप्पल घालतो. भाचा माझ्या घरी थांबेल, काकू त्याला जेवायला वाढतील. तुझ्या घरी जाऊन बंदूक उतरवू आणि तसंच ठाण्यात जाऊ, आपल्या पायानं. आधीच जमा केली असतीस तर एक अर्ज पुरला असता. आता साहेब विचारतील, चार वर्षं कुठं होती. खरं ते सांगायचं. वकिलाशी बोलायचं असेल तर वाटेत बोल.

पण त्याआधी कागद घे. नुकसान झालं ते परवा रात्री ना? भरपाईचा अर्ज तीन दिवसांत जायला हवा, म्हणजे आज गेलाच पाहिजे. लिही. प्रति, वनपरिक्षेत्र अधिकारी, अकोले. विषय: रानडुकरांमुळे झालेल्या मका व भुईमूग पिकाच्या नुकसानीचा पंचनामा होऊन भरपाई मिळणेबाबत. ‘मिळणेबाबत’ला ‘णे’ बाणातला. गट नंबर उताऱ्यावरून बघून लिही, आठवणीनं नको. क्षेत्र वीस गुंठे. नुकसानीची तारीख परवाची, आजची नव्हे. फोटो जोडलेत असं लिही, आणि फोटो खरंच जोड. पंचनामा होईपर्यंत आडवा पडलेला मका उचलायचा नाही. खाली नवा परिच्छेद: कळप पुन्हा पुन्हा येत असल्याने कलम ११ नुसार कार्यवाही व्हावी ही विनंती. मारायचं का, कुणी मारायचं, कशानं मारायचं, ते ठरवायला त्यांना पगार आहे.

झालं? आता दुसरा कागद. प्रति, प्रभारी अधिकारी, पोलीस ठाणे. विषय: कै. वडिलांच्या नावे परवाना असलेली एकनळी बारा बोअर बंदूक व काडतुसे जमा करून घेणेबाबत. अण्णांचा जुना परवाना सापडला तर त्याची झेरॉक्स सोबत. काडतुसांचा आकडा? ‘धा-बारा असतील’ असं अर्जात लिहितात का रे? डब्यात किती आहेत ते मोज. हळू, एकेक. तू नको हात लावूस बाळा, मामाला मोजू दे.